ओपन-बॅक बँजो: सव्वा वर्ष वाजवल्यानंतर

आईला फोनवर सांगितलं, "बँजो घेतला."

"बेंजो? अगं, मग वाजवणार कुठं? तुमच्याकडं विसर्जन पण बादलीत करतात."

तिची चूक नाही. मिरजेत जन्म गेलेल्या माणसाला बेंजो म्हटलं की गणपतीची मिरवणूक, ट्रॉलीवरचा जनरेटर आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबत सिनेमाची गाणी वाजवणारा बेंजो पार्टीचा मास्तरच आठवणार. तो बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानी, ताइशोगोतो, १९१२ साली नागोयात तयार झालेला. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नातं नावापुरतं. मी घेतला तो दुसरा: गोल भांड्यावर ताणलेली पुडी, लांब दांडी आणि पाच तारा, त्यातली एक आखूड. हा रिव्ह्यू त्याचा आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या केरी गावात मराठी माणसं भरपूर, त्यातल्या तिघांनी मला "कुठला घेऊ?" असं विचारलं. तिघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच मापाचे आणि याच किमतीतले बँजो तीन-चार कंपन्या बनवतात, आणि माझ्या वाट्याला आलेल्या एका नगावरून कुणाला नावं ठेवणं बरोबर नाही. माल असा: ११ इंची मेपलचं भांडं, मागून उघडं. मेपलचीच दांडी. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, सव्वासव्वीस इंच. प्लास्टिकचं पांढरं हेड, म्हणजे पुडी, भोवती सोळा हुक. वजन जेमतेम दोन किलो, म्हणजे मांडीवर घेऊन तासभर बसलं तरी पाठ धरत नाही. एका निवृत्त शिक्षकाकडून ४२० डॉलरला सेकंड हँड घेतला. त्यांनी तो तीन वर्षांत बहुधा एकदाही वाजवला नसावा, कारण घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारा लाकडाचा तुकडा, अजून कारखान्याच्या पाकिटातच होती.

मागून उघडा का? दुकानात बँजो मागितला की बरेचदा मागे लाकडी झाकण, म्हणजे रेझोनेटर, असलेला जड बँजो पुढे येतो. तो ब्लूग्रास नावाच्या अमेरिकन संगीताचा. बँजोवादक अर्ल स्क्रग्स डिसेंबर १९४५ मध्ये बिल मन्रोच्या बँडमध्ये आले आणि तीन बोटांत नख्या घालून सुरांची सर सोडायची त्यांची पद्धत जगभर पोहोचली. स्क्रग्स आमच्याच राज्यातले, तरी मला ते नको होतं. मला हवं होतं ते त्याच्या आधीचं: फिडलच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या, शेजारी बसून वाजवायचं, नाचणाऱ्यांच्या पायांसाठीचं, इथे ज्याला ओल्ड-टाइम म्हणतात ते. त्याला नख्या लागत नाहीत, झाकण लागत नाही आणि एकट्याने चमकायची सोयही नसते.

ऐकलं पहिल्यांदा माउंट एअरीला. ब्लू रिज पार्कवेवर पानांचे रंग बघायला गेलो होतो, परतताना शनिवारी सकाळी गावात थांबलो. तिथलं डब्ल्यूपीएक्यू नावाचं रेडिओ स्टेशन १९४८ पासून चालू आहे आणि शनिवारी गावातल्या जुन्या थिएटरातून थेट कार्यक्रम करतं. आत बसलेले लोक सरासरी माझ्या वडिलांच्या वयाचे. एक आजी उठल्या आणि स्टेजसमोर टाचा आपटत नाचायला लागल्या. फिडल एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत होतं आणि खालून बँजो टकटकत होता. मला काही केल्या ओळखीचं वाटत राहिलं. बाहेर येईपर्यंत कळलं: मिरज स्टेशनवरचा टांगा. घोड्याच्या टापांचा तो एक लांब, दोन आखूड असा ठेका. नवरा म्हणाला, "तुला भूक लागली आहे." तेही खरंच होतं.

आता वस्तूकडे वळते. बँजो पेटीतून निघतो तेव्हा तो अर्धा झालेला असतो. उरलेला अर्धा तुम्हाला करावा लागतो आणि हे विकणारा सांगत नाही. माझी सगळ्यांत मोठी तक्रार हीच. गिटार विकत आणून लगेच बिघडवता येते, बँजो आधी जुळवावा लागतो.

घोडी सैल असते, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी राहते. ती कुठे ठेवायची याचं गणित सोपं: दांडीच्या टोकाला तारा जिथून सुरू होतात त्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, दांडीवरच्या बाराव्या पडद्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच तिथून घोडीपर्यंत. माझ्या बँजोत ते तेरा इंच एक सूत भरतं. पहिल्या दिवशी मी ती अंदाजपंचे ठेवली आणि वरच्या पडद्यांवर सगळं बेसूर वाजायला लागलं. दोन दिवस माझ्या कानाला दोष देत होते. मग शिवणाच्या टेपने मोजलं. पाऊण इंच चुकलं होतं.

दुसरं हेड. ते ढिलं असेल तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि घोडी मध्ये बसते. इथे मला लहानपण उपयोगी पडलं. आमचे काका तबला मिळवताना गजऱ्यावर एका बाजूला हातोडी मारली की लगेच समोरच्या बाजूला मारायचे. इथेही तेच: एक हुक पाव फेरा आवळायचा, मग समोरचा, मग काटकोनातला, असं फिरत जायचं. एकाच बाजूने जोर लावला तर कडं तिरकं होतं. हेडवर टिचकी मारली की साधारण जी शार्पच्या आसपास सूर आला पाहिजे, असं मला सांगितलं गेलं होतं. मी थोडं खालीच ठेवलं, मला गुबगुबीत आवाज आवडतो.

आणि पायमोजा. हसू नका. हेडच्या मागे, आतल्या लाकडी दांडीच्या आणि पुडीच्या मध्ये मोजा कोंबतात. तारा छेडल्यावर मागे रेंगाळणारी झणझण त्याने मरते आणि नुसता ठोका उरतो. ही माझी युक्ती नाही, इथले अर्धे वादक हेच करतात. आमच्या घरात जोडी हरवलेले मोजे मुबलक आहेत. धाकट्याचा निळा मोजा सव्वा वर्ष आत आहे.

एवढं करून झाल्यावर बँजो पहिल्यांदा बँजोसारखा वाजला. आधीच्या आठवड्यात मी तो परत विकायची जाहिरात लिहून ठेवली होती.

खुंट्या मात्र खरोखर साधारण. चार मोठ्या तारांच्या चालतात, पाचवीची दांडीच्या मध्यावर बाजूला बसवलेली खुंटी सरकते. आधी वाटलं, आखूड तार आहे, तिला कोण विचारतं? पण अख्खं घर त्याच तारेवर उभं आहे. सतारीची चिकारी आठवा. तशीच ही सगळ्यांत वरच्या सुरात, डाव्या हाताने कधीच न दाबली जाणारी, फक्त अंगठ्याने वाजणारी. साध्या जी मिळवणीत बँजो असा लागतो: खालून प, सा, ग, प आणि अंगठ्याखाली तार सा. गंधाराची तार चढवून मध्यम केली की एकदम डोंगरातली उदास मिळवणी होते, तिला सॉमिल म्हणतात. आणि डबल-सी मध्ये सा प सा रे लागतात, अंगठ्याखाली पंचम. पहिल्यांदा ती मिळवणी लावली तेव्हा मी चाल वाजवलीच नाही, नुसती खुल्या तारांवर अर्धा तास हात फिरवत बसले. धाकटा विचारून गेला, देवपूजा चालू आहे का.

तर ही पाचवी तार सरकली की सगळंच गेलं. खुंटीचा स्क्रू आवळून काम भागलं, पण दर दोन महिन्यांनी पुन्हा आवळावा लागतो. चांगली गिअरवाली खुंटी लावून घ्यायची आहे, पुढच्या बोनसला.

खर्च करून घेतलेली एक गोष्ट मात्र सोन्यासारखी निघाली. वरच्या पट्टीत वाजवायचं तर चार तारांना कॅपो, म्हणजे दांडीवर आवळून तारा दाबून धरणारा चिमटा, लागतो, पण पाचवी तार कॅपोच्या बाहेर राहते. तिच्यासाठी सातव्या, नवव्या आणि दहाव्या पडद्याजवळ बारीक खिळे ठोकतात आणि तार त्यांच्याखाली अडकवतात. हे खिळे कसले? खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ स्लीपरला ठोकायचे. डोंगराकडच्या एका दुरुस्तीवाल्याने ४० डॉलरमध्ये बसवून दिले. मिरज जंक्शनवर एकेकाळी तिन्ही गेजच्या गाड्या येत. तिथल्या मुलीच्या वाद्यात रुळाचे खिळे निघावेत हे मला फार योग्य वाटलं. त्या गृहस्थाला हे समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्याने "यस मॅम" म्हणून पावती दिली.

वाजवण्याची पद्धत हा वेगळाच प्रकार आहे आणि खरेदी करण्याआधी तो समजून घ्या, नाहीतर पैसे वाया. याला क्लॉहॅमर म्हणतात. हात नांगीसारखा आखडून धरायचा आणि तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाच्या पाठीने तार खाली मारायची. गिटारवाल्यांची बोटं तार वर ओढतात, इथे सगळं खालीच. नखाने एक सूर, मग नखाने तारांवर हलका फटका, मग अंगठ्याने पाचवी: टं, छन्-टिं. टं, छन्-टिं. पहिले सहा आठवडे मी फक्त एवढंच केलं. डाव्या हाताला काही कामच नव्हतं. उजव्या हाताला मात्र वाटत होतं की आपण दार ठोठावतोय आणि कुणी उघडत नाही.

नख हा बायकांच्या रिव्ह्यूत यायलाच हवा असा मुद्दा आहे. नारळ खवताना मधल्या बोटाचं नख गेलं की तीन आठवडे वाजवणं बंद. एक जण पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा कापून नखावर चिकटवतो, त्याचा आवाज छान येतो, पण त्याला पोळ्या लाटायच्या नसतात. मी सलॉनमध्ये जाऊन एकाच बोटाला ॲक्रिलिकचं नख लावून घेते. तिथली मुलगी दर वेळी विचारते, बाकी नऊ?

ही खाली मारायची पद्धत इथे कुणी डोंगरात बसून शोधलेली नाही. सेनेगल-गाम्बियाकडचे जोला लोक अकोंटिंग नावाचं वाद्य वाजवतात: भोपळा, त्यावर कातडं, तीन तारा, त्यातली एक आखूड आणि अंगठ्याने वाजणारी. हातही तसाच खाली पडतो. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांनी अशी वाद्यं आणि ती वाजवणारे हात अटलांटिकपार आणले. १८ व्या शतकाच्या अखेरचं साउथ कॅरोलिनातलं एक जलरंगातलं चित्र आहे, त्यात काळा माणूस भोपळ्याचा बँजो वाजवताना स्वच्छ दिसतो. गोऱ्यांनी तो घेतला १८३० च्या पुढे, तोंडाला काळं फासून करायच्या तमाशातून, आणि मग शंभर वर्षांत सगळ्यांनी मिळून असं ठरवून टाकलं की हे गोऱ्या डोंगराळ लोकांचंच वाद्य. मीही तेच समजून चालले होते. माझ्या घरापासून पाऊण तासावर मेबन गाव आहे. तिथले जो थॉम्प्सन हे कृष्णवर्णीय फिडलवादक २०१२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर गेले. तोवर ते तीच जुनी, घरातून आलेली, बँजो-फिडलच्या जोडीची वाजवणूक सांभाळून होते. २००५ मध्ये बूनला कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेली तीन तरुण मुलं पुढे दर आठवड्याला थॉम्प्सन यांच्या घरी शिकायला जाऊ लागली. त्यातूनच कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड उभा राहिला. मी २००६ पासून इथे राहते. त्या घरावरून हायवेने किती वेळा गेले असेन. तेव्हा गाडीत काय लावलेलं असायचं ते सांगत नाही.

शिकायचं कुठे? ऑनलाइन धड्यांनी हात बसतो, पण ठेका बसत नाही. तो बसतो जॅममध्ये, म्हणजे सगळे मिळून वाजवायला बसतात तिथे. आमच्या जवळ एका चर्चच्या तळघरात महिन्यातून दोनदा हळू लयीचा जॅम असतो. फुकट, डब्यात एखादा डॉलर टाकला तर टाकला. गोल खुर्च्या मांडतात. फिडलवाली सत्तरीची बाई चाल सुरू करते. चाल छोटी, दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. असं पंधरा-वीस वेळा. कुणी एकट्याने ताना मारत नाही, कुणाला टाळी मिळत नाही. थांबायचं असलं की ती बाई एक पाय हवेत उचलते. पहिल्या दिवशी मला वाटलं तिला पेटका आला.

आमच्याकडच्या भजनी मंडळात मी लहानपणी टाळ धरून बसायचे. इथलं बसणं त्याच जातीचं आहे. चाल आठव्या-नवव्या वेळी हातात यायला लागते आणि बाराव्या वेळी आपण वाजवतोय हे विसरायला होतं. फरक एकच, इथे मध्येच थांबून निरूपण करणारं कुणी नाही. चिवडा मीच नेते. आता तो संपल्याशिवाय जॅम सुटत नाही.

एक सूचना: कागदावरची टॅब, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेले आकडे, उघडून बसू नका. मी बसले होते. शेजारच्या माणसाने काही न बोलता माझ्या स्टँडचं तोंड हळूच भिंतीकडे वळवलं.

माझ्या बँजोला पडदे आहेत, ते नवशिक्याला हवेतच. पण माउंट एअरीच्या जवळच्या राउंड पीक भागातले जुने वादक बिनपडद्याचे बँजो वाजवायचे. त्यातले टॉमी जॅरेल हे मोठं नाव. आयुष्यभर रस्ते खात्यात ग्रेडर चालवला, १९६६ ला निवृत्त झाले, पुढच्या वर्षी पत्नी गेली, आणि मग टोस्ट गावातल्या त्यांच्या घरी देशभरातून पोरं शिकायला येऊन राहायला लागली. १९८५ मध्ये ते गेले. त्यांच्याच बरोबरीचे काईल क्रीड बँजो बनवायचे आणि दांडीच्या तोंडावर फॉर्मायका लावायचे. आपल्याकडे ज्याला सरसकट सनमायका म्हणतात, तेच. जूनमधल्या फिडलर्स कन्व्हेन्शनला एका तंबूत असा एक बँजो मला पाच मिनिटं हातात मिळाला. बोट घसरवलं आणि मींड निघाली. सरोदच जणू, फक्त ट्रॅक्टरवर बसलेला. आता तोही हवा आहे. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

राहिलेलं पटापट. सोबतची पिशवी म्हणजे पावसाळी रेनकोट, जाड केस वेगळी घ्या. कारखान्याच्या तारा फार बारीक आणि किणकिण्या आहेत, मी एक घर जाड लावल्या. आमच्या इथल्या ऑगस्टच्या दमटपणात खऱ्या कातड्याचं हेड लोंबतं, मैत्रिणीचं दर वर्षी लोंबतं, तेव्हा प्लास्टिकच बरं. चिमट्याचा ट्यूनर हवाच. आवाज मोठा आहे: रात्री दहानंतर अपार्टमेंटमध्ये वाजवू नका, मोजा असला तरी.

पेटीतून निघाला तसा पाचपैकी अडीच. जुळवल्यावर, खिळे ठोकल्यावर आणि मोजा घातल्यावर सव्वाचार. पाऊण गुण पाचव्या खुंटीने खाल्ला.

डिसेंबरमध्ये मिरजेला गेले तेव्हा बँजो विमानात वरच्या कप्प्यात बसवून नेला. आईने पाहिला. "याला बटणं कुठं आहेत?" एवढंच विचारलं. मग सतारमेकर गल्लीत गेले. पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनवणारी ही माणसं, पंढरपूरकडचे भोपळे दुकानात छताला टांगलेले. लहानपणापासून ज्यांच्या ओट्यावर बसायचे त्या चाचांच्या हातात बँजो दिला. त्यांनी आधी उलटा केला, मोजा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मग हेडवर टिचकी मारली.

"प्लास्टिक?"

"हो चाचा. पूर्वी कातडं असायचं. त्याच्याही आधी खाली भोपळा होता."

"मग काढला कशाला?" मला उत्तर आलं नाही. त्यांनी दांडीच्या मध्यावरच्या खुंटीला बोट लावलं. "ही चिकारी." मी मान हलवली. अंगठ्याने तीच तार दोनदा छेडली. "जवारी नाही काढलेली. घोडी कुणी केली ही? बिस्किटासारखी आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ये म्हणाले. गेले तेव्हा शिसवीची नवी घोडी तयार होती, उंची सुताला सूत जुन्याइतकी, पाय बारीक, माथा थोडा रुंद. तीनशे रुपये घेतले, तेही चहा पिऊन झाल्यावर. आवाज जरा मऊ झाला आहे आणि खालच्या तारेला थोडी गोल आस येते. जॅममधल्या फिडलवाल्या बाईने दोनदा वाकून पाहिलं आणि कुठून आणली विचारलं. तिला मिरजेचं स्पेलिंग लिहून दिलं आहे. कारखान्याची मूळ घोडी पिशवीच्या खिशात पडून आहे. केरीत कुणाला हवी असेल तर घेऊन जा.